बॅटरी आणि अर्थ

डीसीतात्यांच्या घरात सरकारी वीज नव्हती. बिल परवडत नव्हतं म्हणून नाही, तर त्या विजेशी त्यांचं कधी पटलंच नाही म्हणून. भिंतीतून येणारी वीज एसी, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे करणारी. "तिला स्वतःलाच ठाऊक नाही कुठे जायचंय ते," तात्या म्हणायचे, "ती आपलं काय भलं करणार?" डीसी मात्र त्यांच्या मते सरळमार्गी. एका टोकाने निघायचं, दिव्यात काम करायचं, दुसऱ्या टोकाने घरी परत. हे ऐकून गल्लीतले लोक गालातल्या गालात हसायचे आणि आपापल्या टीव्हीसमोर जाऊन बसायचे. पण लाइन गेली की तेच लोक मोबाइल चार्ज करायला तात्यांच्या दारात हजर. गल्ली अंधारात आणि आपल्या खिडकीत उजेड, असं झालं की तात्या मुद्दाम बाहेर येऊन उभे राहायचे. चेहरा असा, की सूर्य जणू त्यांच्याच परवानगीने उगवतो.

हे वेड त्यांना नोकरीने लावलं. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये त्यांचा जन्म गेला. लोकांना वाटतं टेलिफोन तारेवर चालायचा. तो चालायचा तळमजल्यावरच्या त्या खोलीतल्या टाक्यांवर. ओळीने मांडलेल्या काचेच्या टाक्या, आत ॲसिड आणि शिशाच्या पट्ट्या, सगळ्यांची मिळून अठ्ठेचाळीस व्होल्टची डीसी. तात्यांनी त्यांना पाणी पाजायचं, त्या तापल्यात का ते बघायचं, कोणती टाकी मलूल वाटते तिची विचारपूस करायची. शहरभर वीज गेली तरी टेलिफोन कधी मुका झाला नाही, याचा त्यांना कोण अभिमान. ॲसिडचे शिंतोडे उडून त्यांच्या एकूण एक शर्टाला बारीक भोकं पडलेली असायची. "यांच्या शर्टातून पीठ चाळून घ्यावं," असं बायको म्हणायची आणि तोच शर्ट रफू करायला घ्यायची.

त्या खोलीची एक स्वतःची भाषा होती. तिथे कोणी प्लस-मायनस म्हणत नसे. शब्द दोनच, बॅटरी आणि अर्थ. बॅटरी म्हणजे मायनस, जिथून तार शहरात जाते ते टोक. अर्थ म्हणजे प्लस, जमिनीत पुरलेलं टोक. बाहेरच्या जगात, मोटारीत म्हणा, ट्रकात म्हणा, याच्या नेमकं उलटं असतं. टेलिफोनवाल्यांनी प्लस जमिनीत घातला, कारण ओल लागली की प्लसच्या बाजूचा धातू झिजत जातो. "झिजायचं ते जमिनीतल्या पत्र्याने," नव्या माणसाला तात्या सांगायचे, "बाहेर गेलेली तार शाबूत राहिली पाहिजे." इतकी वर्षं हेच बोलून आणि हेच लिहून, आपण जगाच्या उलटं बोलतोय याची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

एक्सचेंजने जुन्या टाक्या भंगारात काढल्या तेव्हा तात्यांनी त्यातल्या त्यात बऱ्या होत्या त्या घरी आणल्या. आधी एका खोलीत दिवा लागला, मग रेडिओ, मग पंखा. पंखा म्हणजे तात्यांनी लावलेलं लग्नच होतं. भंगारातली चुंबकाची डीसी मोटर, तिला कुठल्यातरी मोडक्या पंख्याची पाती. तो त्यांनी झोपायच्या खोलीत टांगला, बटण दाबलं, पंखा झोकात फिरू लागला आणि बायको-मुलगी दोघी पलंगावर आडव्या होऊन वाऱ्याची वाट बघू लागल्या. वारा काही येईना.

"बाबा, वारा येत नाहीये," सहा वर्षांची बेबी म्हणाली.

"येईल कसा?" तिची आई म्हणाली. "आपल्या वाटणीचा वारा यांनी छताला दिलाय."

पंखा उलटा फिरत होता. हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ओढत होता. तात्या स्टुलावर चढले, बायकोने स्टूल धरलं, त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली आणि वारा धो धो खाली आला. बेबी थक्क. मग तात्यांनी तिला मांडीवर घेऊन समजावलं, की डीसीत तारा उलट्या केल्या की मोटर उलटी फिरते. एसीला काय, कशाही जोडा, तिला सोयरसुतक नसतं. डीसी मान ठेवते, पण मान मागतेही. त्यानंतर कितीतरी दिवस बेबी आल्यागेल्याला त्या पंख्याखाली झोपवून 'आमचा पंखा खिडकीच्या बाजूने फिरतो' असं दाखवत असे.

निवृत्तीनंतर तात्यांनी छपरावर सौर पट्ट्या बसवल्या, जिन्याखाली नव्या बॅटऱ्या मांडल्या आणि सरकारी मीटर काढून टाकायला लावलं. आता सगळं घर डीसीवर. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक छोटा डबा, डब्यात दोन स्क्रू, आणि स्क्रूंच्या वर पांढऱ्या रंगात तात्यांचं वळणदार अक्षर. एकावर 'बॅटरी', दुसऱ्यावर 'अर्थ'. तार सगळीकडे एकाच रंगाची, काळी. "रंग कच्च्या माणसाला लागतो," तात्या म्हणायचे. पाहुणे आले की बायको डब्याकडे बोट दाखवून सांगायची, "आमच्या घरात खोलीखोलीत अर्थ आहे हो. पण तो यांच्याशिवाय कुणाला कळत नाही."

सगळे हसायचे. तात्या सगळ्यांत जास्त हसायचे.

मग बायकोच्या फुप्फुसांनी दगा दिला. दोन पावलं चालली की धाप, बोलता बोलता मध्येच थांबायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हवेतला प्राणवायू गोळा करून नळीतून देणारं मशीन घरी ठेवा, आणि ते बंद पडता कामा नये. इथे तात्यांचं आयुष्यभराचं वेड कामाला आलं. मशीन डीसीवर चालणारं मिळालं, भाड्याने. त्याची घरघर तिला सहन होईना म्हणून ते बाहेर पॅसेजमध्ये ठेवलं आणि लांब नळी आत पलंगापर्यंत नेली. पॅसेजमधल्या डब्याला तात्यांनी स्वतः ते जोडलं. गल्लीत दिवसातून चारदा लाइन जायची, पण हे मशीन कधी क्षणभरही थांबलं नाही. नळी नाकाला लावलेली बायको एकदा म्हणाली, "एवढी वर्षं तुमची थट्टा केली. आता तुमच्याच डीसीवर जगतेय."  तात्यांनी उगाच नळीला कुठे पीळ पडलाय का ते पाहिलं.

त्यातच तात्यांचा हर्निया बळावला. टाळत होते, पण आता बसताही येईना. बेबी सासरहून आली. दोन मुलांची आई झालेली, औषधांच्या दुकानात काम करणारी बाई, पण घरात अजून बेबीच. "तुम्ही निर्धास्त जा, आईला मी बघते," ती म्हणाली. येताना तिने आईसाठी नवं मशीन विकत आणलं होतं. घरघर न करणारं, हलकं. आईने आतल्या आत किती दिवस त्या आवाजाचा जाच सोसला हे तिला ठाऊक होतं. तात्या घाईत होते, त्यांनी खोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "आलो की जोडतो." पण आईला गंमत करून दाखवायची हौस लेकीला थांबू देईना. आणि नवं आलं म्हणून तिनेच कळवलेला भाड्याच्या मशीनचा माणूस त्याच दुपारी येऊन जुनं घेऊन गेला.

त्या दुपारी तात्या ऑपरेशनच्या टेबलावर होते. नव्या मशीनच्या दोन तारा होत्या, एक लाल, एक काळी. बेबीने विचारायला फोन केला. तात्यांनी उचलला नाही, तेव्हा परत केला. ज्या माणसाने शहराचा फोन कधी मुका होऊ दिला नाही, त्याचा स्वतःचा फोन दवाखान्याच्या खणात वाजून वाजून थांबला. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत मोटारीत मशीन कसं जोडायचं त्याचं चित्र होतं: लाल तार बॅटरीला, काळी अर्थला. भिंतीवर बाबांच्या अक्षरात तेच दोन शब्द लिहिलेले. शंका घ्यायला जागाच नव्हती. तिने लाल तार 'बॅटरी'ला लावली, काळी 'अर्थ'ला, आणि बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि जळका वास आला.

जुनं मशीन गेलेलं. घरात एक छोटा सिलिंडर होता, तो दवाखान्याची गाडी येईपर्यंत पुरला. गाडीत दुसरा नव्हता, आणि गाडी गर्दीतून निघेपर्यंत हा पुरला नाही.

तात्यांना शुद्ध आली तेव्हा जावई उशाशी उभा होता. त्याने सांगितलं. तात्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पण आमच्याकडे लाइन जातच नाही." तेच ते दोन-तीनदा म्हणाले.

सगळं उरकलं. भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली, तेव्हा तात्या पॅसेजमध्ये गेले. नवं मशीन तिथेच पडलं होतं, त्याला हात लावायचा कुणाला धीर झाला नव्हता. त्यांनी खाली बसून भिंतीवरचा डबा पाहिला. लाल तार बॅटरीत, काळी अर्थमध्ये. तारेची टोकं नीट पिळलेली, एकही धागा बाहेर नाही, स्क्रू बेताने आवळलेला. लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं तसं. काम इतकं नेटकं होतं, की ते बघून तात्यांना हुंदका आला. आपल्या लेकीने बरोबर वाचलं, बरोबर जोडलं. जगात कुठेही ते बरोबर ठरलं असतं. फक्त या घरात नाही, कारण या घरातला अर्थ त्यांनी जगाच्या उलट लिहून ठेवला होता आणि कुणाला सांगितला नव्हता.

बेबी मागे येऊन उभी होती. तिचे गाल बसले होते. घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवायची ती, हे तात्या रोज बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी उलटं जोडलं का?"

"नाही. मशीनच खराब निघालं."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलाल."

"मी विजेच्या बाबतीत कधी खोटं बोललोय?"

कधी बोलले नव्हते हे खरं, पण हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणूनच ती आणखी घाबरली. "माझ्या हातून आई गेली का, एवढंच मला कळू दे," ती म्हणाली. "रविवारी मी आमच्याकडच्या वायरमनला घेऊन येते. तो मीटर लावून सांगेल. त्याला काही माझी माया नाही." मग ती घरी गेली. मुलं तिकडे वाट बघत होती.

तात्यांना बायको परत मिळणार नव्हती. लेक मात्र अजून होती, आणि आपण आईला मारलं हे ओझं घेऊन ती जन्मभर जगणार होती. खरं सांगून उपयोग काय? चूक माझ्या शब्दांची, असं त्यांनी किती जरी सांगितलं, तरी ती आपल्या हातांकडेच बघणार. आतल्या आत सोसायच्या बाबतीत आईच्या वळणावर गेलेली पोर. तात्यांनी ठरवलं, की रविवारी मीटरने तिला निर्दोष म्हटलं पाहिजे.

एका त्या डब्यातल्या तारा फिरवून भागलं नसतं. वायरमन दुसऱ्या खोलीत मीटर लावेल, जिन्याखाली बॅटऱ्यांपर्यंत जाईल, आणि बेबीही काही दूधखुळी नव्हती. मुळावरच घाव घालायला हवा होता. डॉक्टरांनी वाकू नका, काही उचलू नका, असं बजावलेलं. तात्या पोटावरच्या ऑपरेशनच्या टाक्यांवर हात दाबून जिन्याखाली शिरले. बॅटऱ्यांपासून निघणाऱ्या दोन जाड तारा त्यांनी सोडल्या आणि उलट्या जोडल्या. जमिनीत पुरलेल्या पत्र्याची तार प्लसवरून काढून मायनसला लावली. आयुष्यभर ज्याला त्यांनी अडाणीपणा म्हटलं, ते स्वतःच्या हाताने केलं. सगळं घर एका झटक्यात उलटं झालं.

मग घरभर फिरून जे रुसलं त्याची समजूत काढायची. एलईडीचे दिवे लागेनात, त्यांच्या तारा फिरवल्या. रेडिओ गप्प झाला, त्याच्या फिरवल्या. स्टुलावर चढताना टाके ओढायचे, डोळ्यांसमोर अंधारी यायची, की तात्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि बायको स्टूल धरायला नाही हे त्यांना पुन्हा नव्याने कळायचं. सगळ्या खोल्या झाल्या. झोपायच्या खोलीत मात्र ते गेले नाहीत. त्या दिवसापासून ते बाहेर बाकावरच झोपत होते. तिथल्या दिव्याच्या तारा बाहेरच्या बटणामागे मिळत होत्या, त्या बाहेरूनच फिरवल्या. दार लावलेलं होतं, ते लावलेलंच राहिलं.

रविवारी बेबी वायरमनला घेऊन आली. तरुण, कमी बोलणारा माणूस. त्याने पॅसेजमधल्या डब्यावर मीटर लावला. मग स्वयंपाकघरात लावला, मग जिन्याखाली वाकला. तिथे तो जरा जास्तच वेळ थांबला. जाड तारांची टोकं नुकतीच सोललेली, तांबं चकचकीत, आणि शेजारी सगळं वर्षानुवर्षांचं काळवंडलेलं. त्याने मान वळवून तात्यांकडे पाहिलं.  म्हातारा माणूस पोट धरून जिन्याला टेकलाय, डोळे विनवताहेत, हे त्या परक्या माणसाने पाहिलं.

"ताई," तो उठून हात झटकत म्हणाला, "जोडणी बरोबर होती तुमची. बॅटरी प्लस, अर्थ मायनस. मशीनच खराब असणार."

"नक्की?"

"मीटर खोटं बोलत नाही, ताई." आणि चहा न घेताच तो निघून गेला.

बेबी खालीच बसली. तोंडावर पदर धरून रडली, पण हे रडणं मोकळं होतं. मग उठून तिने तोंड धुतलं, दोघांसाठी ताटं वाढली आणि बाबांच्या समोर बसून नीट जेवली. वर आणखी वाढून घेतलं. तात्यांचा जीव भांड्यात पडला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना अन्नाची चव लागली. मनातल्या मनात त्यांनी तिला सांगितलंसुद्धा, की बघ, पोर वाचली.

"किती दिवसांत झोप नाही," बेबी म्हणाली. "आईच्या खोलीत जरा पडू?"

"पड की," तात्या म्हणाले.

ती आत गेली. पलंग करकरला. बटणाचा आवाज आला, आणि मागोमाग पंख्याची किरकिर सुरू झाली.

तात्या ताट उचलत होते, तसेच थांबले. हा पंखा कधी किरकिरत नसे. मोटरमधले कार्बनचे ब्रश एकाच बाजूला फिरून फिरून त्याच बाजूने झिजतात. उलटं फिरवलं तर तक्रार करतात. दिवे रुसले, रेडिओ रुसला, पण पंखा रुसला नव्हता. कसाही जोडा, तो फिरतोच. म्हणून तो राहून गेला. त्या खोलीत पाऊल टाकवलं नाही म्हणून राहून गेला.  त्यांना वाटलं, पोरीने डोळे मिटलेले असोत. थकलीय, झोप लागेल, वर बघणार नाही.

किरकिर थांबली. पुन्हा बटण दाबल्याचा आवाज, पुन्हा किरकिर. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त तो पंखा.

बेबी दारात आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सहा वर्षांची असताना होता तसाच तो चेहरा होता, पण सगळं समजलेला.

"बाबा," ती म्हणाली, "वारा येत नाहीये."

तात्यांनी ताट खाली ठेवलं. 

"उलटं कोणी केलं?" तिने विचारलं.

"मी."

"कधी? या आठवड्यात?"

"या आठवड्यात सुलटं केलं, बेबी," तात्या म्हणाले. "उलटं मी फार वर्षांपूर्वी केलं होतं. तू केलं नाहीस."

 ज्या हाताने तारा पिळल्या होत्या तो हात तिने दुसऱ्या हातात घेतला, चटका बसल्यावर घेतात तसा. तात्यांना जे नको होतं तेच नेमकं समोर घडत होतं, आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं. मग तीच कोपऱ्यातलं स्टूल घेऊन आत गेली. तात्या मागोमाग गेले. खोलीत बायकोचा वास अजून होता, औषधाचा आणि साबणाचा. नळी गुंडाळून खुंटीला लावलेली होती.

पंखा बंद करून तात्या स्टुलावर चढले. बेबीने स्टूल धरलं, आई धरायची तसं, दोन्ही हातांनी, मान वर करून. त्यांनी दोन तारा सोडल्या, फिरवल्या, आवळल्या. तिने बटण दाबलं. पंखा किरकिर न करता खिडकीच्या बाजूने फिरू लागला आणि वारा खाली आला. पलंगावरच्या घडीच्या चादरीचं टोक हललं. दोघंही त्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिले.

"प्लस-मायनस लिहायचं होतंत हो बाबा," बेबी हळूच म्हणाली. "एवढंच लिहायचं होतंत."

"हो," तात्या म्हणाले.

त्यांना खाली उतरायचं सुचेना. स्टुलावर ते तसेच उभे राहिले, डोकं पात्यांच्या खाली वाकवून, पांढरे केस वाऱ्याने विस्कटत. बऱ्याच वेळाने बेबीने त्यांच्यापुढे हात केला. तो तोच हात होता. तात्यांनी तो घट्ट धरला आणि खाली उतरले.